घरचं झिगझॅग मशीन: खोक्यावर एकवीस टाके, कामाला तीन

आधी किमतीचं बोलून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांची सुटका. मोटरवर चालणारं, झिगझॅग टाका असलेलं घरगुती मशीन मला साडेबारा हजारांना पडलं. त्यात चार फूट (म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारे पाय), थोड्या बॉबिनी, सुयांचं एक पाकीट आणि वरचं प्लॅस्टिकचं झाकण आलं. टेबल आपलं आपण बघायचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीच्या आसपासची तीन-चार कंपन्यांची मशीनं मी दुकानात बसून चालवून पाहिली आणि सगळी एका माळेचे मणी निघाली. बटणं इकडची तिकडे, रंग वेगळा, बाकी पोट तेच. तेव्हा इथे जे लिहितेय ते यातलं कुठलंही घेतलंत तरी बहुतेक लागू पडेल.

मी काही धंदा करणारी शिंपीण नाही. घरचं शिवते, नणंदेच्या पोरींचं शिवते आणि अडल्यानडल्याला गल्लीतल्या वहिनींचे ब्लाउज. आजवर हे सगळं आईकडून आलेल्या काळ्या पायमशीनवर केलं. ते मशीन सरळ टीप मारतं आणि तेवढंच मारतं, पण अशी मारतं की जीन्सच्या चार पदरांतून सुई जाताना आवाजसुद्धा बदलत नाही. त्याला एकच गोष्ट जमत नाही. कापडाच्या कापलेल्या कडेचं करायचं काय?

खणाचा ब्लाउज ज्यांनी घरी शिवलाय त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. कात्री फिरली की खणाची कड सुटायला लागते. मापाला एकदा अंगावर चढवून उतरवलं की शिवणीबाहेर सोडलेल्या अर्ध्या इंचाच्या मायेतलं पाव इंच गेलेलंच असतं आणि मांडीवर रंगीत सुतांचा गुंता. इरकलीच्या काठातून पिशवी शिवा, शिवलेली नऊवारी करा, तेच रडगाणं. मग एक तर हाताने काजटाका घालत बसायचं, नाहीतर सगळे तुकडे पिशवीत भरून कडा दोऱ्याने गुंडाळून देणाऱ्या इंटरलॉकवाल्याकडे जायचं. त्याच्याकडे दोरा पांढरा, काळा नाहीतर मरून. आपला ब्लाउज पोपटी असला तर आपलं नशीब.

झिगझॅगने हा प्रश्न सुटला, आणि माझ्यापुरते निम्मे पैसे तिथेच वसूल झाले. खणाच्या तुकड्याची कड कशी होते ते नीट सांगते, कारण दुकानात हे कुणी दाखवत नाही. रुंदीचं बटण ४ वर, लांबी दीड ते दोनच्या मध्ये, फूट झिगझॅगचं. कापडाची कड फुटाच्या मधल्या फटीखाली धरायची. सुई डावीकडे उतरते तेव्हा ती कापडात शिरली पाहिजे, आणि उजवीकडे उतरते तेव्हा कडेच्या केसभर बाहेर, नुसत्या हवेत. असं केलं की दोरा कडेला वळसा घालून परत आत येतो आणि सुतांना बाहेर पडायला वाट राहत नाही. दोन्ही टाके कापडात पडले तर शिलाई दिसायला झिगझॅगच दिसते, पण तिच्या पलीकडचं सूत सुटत राहतं. माझ्या भाचीचा खणाचा परकर अशा कडेने पुरा केला, त्यानंतर तो मशीनमध्ये धुऊनही निघाला आणि आतून अजून शाबूत आहे.

हे सगळं होतं ते सुईच्या एका सवयीमुळे. सरळ टिपेत सुई एकाच जागी खाली-वर करते आणि खालचे दाते कापड मागे ढकलतात. झिगझॅगमध्ये सुई कापडातून वर आली की, पुन्हा खाली उतरायच्या आत, तिची दांडी बाजूला झुकते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कापड आपलं मागे सरकतच असतं, म्हणून टाके तिरके पडतात. रुंदी शून्यावर आणली की तेच मशीन सरळ टीप मारतं. लांबी जवळजवळ शून्यावर आणली की तिरके टाके एकमेकांना चिकटतात आणि भरतकामासारखी भरीव पट्टी तयार होते. दोन बटणांचा खेळ आहे सगळा. अमेरिकेत हेलन ब्लँचर्ड नावाच्या बाईंनी झिगझॅग टाक्याच्या मशीनचं पेटंट १८७३ साली घेतलं होतं. आमच्या गल्लीत पोचायला त्याला दीडशे वर्षं लागली, पण गॅसची शेगडीसुद्धा आमच्याकडे उशिराच आली.

आता दुकानातलं. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजूला मशीनची दुकानं आहेत तिथे गेलं की मालक आधी तो तक्ता दाखवतो. "वहिनी, एकवीस डिझाइनं हैत बघा!" कंगोरे, शंकरपाळी, वेल, माशाच्या काट्यासारखं काहीतरी. आणि ती डिझाइनं काढून दाखवायला त्याच्याकडे कांजी केलेल्या जाड सुती कापडाचा दुपदरी तुकडा तयार असतो. त्या कापडावर कुठलंही मशीन छानच शिवतं. मी पिशवीतून माझे तुकडे काढले: शेजारच्या गांधीनगरहून आणलेलं लेगिंगचं होजिअरी कापड, जॉर्जेटची चिंधी आणि नवऱ्याच्या जुन्या जीन्सचा पाय. मालकाचा चेहरा जरा उतरला, पण माणूस भला. म्हणाला, "शिवा की, कोण नको म्हणतंय?"

होजिअरीवर पहिल्या फटक्यात टाके सुटले. दोन पडले, एक गायब, पुन्हा तीन पडले. मशीन बदललं, तरी तेच. मग आतून त्यांचा कारागीर आला, त्याने काहीही न बोलता सुई बदलली आणि टाके ओळीने पडायला लागले. साधी सुई टोकदार असते. ती होजिअरीचे धागे भोसकते. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोल, ती धागे बाजूला सारून मधून जाते. लेगिंगला ११ नंबरची बॉलपॉइंट लागते. एवढी साधी गोष्ट, पण मशीनबरोबर जे सुयांचं पाकीट येतं त्यात ही सुई नसते. माझ्यात तरी नव्हती. लेगिंग, टी-शर्ट, नाइट पँट शिवायचं म्हणून मशीन घेणाऱ्या बायका घरी जाऊन टाके सुटताना बघतात आणि मशीनला शिव्या घालतात. सुई बसवताना तिची सपाट बाजू मागे आली पाहिजे, आणि सुई वरपर्यंत, अडेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळायचा. अर्धवट बसलेली सुई सरळ टिपेत एकवेळ निभावते, झिगझॅगमध्ये नाही.

ताणाच्या कापडाला झिगझॅग का हवा हे एकदा डोळ्यांनी बघा. लेगिंगच्या तुकड्यावर एक शिवण सरळ टिपेची घाला, शेजारी एक बारीक झिगझॅगची, रुंदी १ आणि लांबी अडीच. लांबून ती सरळच दिसते. आता दोन्ही टोकं धरून ताणा. सरळ टीप कडकन तुटते. झिगझॅगमधला दोरा मुळात तिरका पडलेला असल्यामुळे त्याच्यात वाढायला जागा असते. कापड ताणलं की तो सरळ होतो, सोडलं की परत तिरका. पोरांच्या ट्रॅक पँटच्या बुडाची शिवण मांडी घालून बसताना का उसवते याचं उत्तर तुमच्या हातात असतं.

तीन टप्प्यांचा झिगझॅग हा माझ्या मते या मशीनचा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित टाका. तक्त्यावर तो तुटक रेषेसारखा काढलेला असतो. साध्या झिगझॅगमध्ये सुई एका झेपेत या टोकाहून त्या टोकाला जाते. यात ती प्रत्येक तिरक्या रेषेत तीन छोटे टाके टाकत जाते. कमरेचं रुंद इलॅस्टिक लावायला हाच घ्या. इलॅस्टिक पूर्ण ताणून धरायचं आणि शिवत जायचं. सासूबाईंच्या गाऊनचे फाटलेले खिसे, टॉवेल, उशीचे अभ्रे, जीन्सचा गुडघा, सगळ्या ठिगळांना मी तोच वापरते. गुडघ्याला आतून तुकडा लावून या टाक्याच्या शेजारी-शेजारी रांगा घातल्या की कापड चुरगळत नाही आणि कडकही होत नाही. सरळ टीप, झिगझॅग आणि हा. एकवीसपैकी हे तीन मी रोज वापरते. उरलेले अठरा भाचीने एका दुपारी चिंधीवर काढून पाहिले, त्याचा बुकमार्क केला. त्यानंतर कुणी त्यांना हात लावलेला नाही.

काज मात्र मला शंभरपैकी साठच गुणांचं वाटतं. काज म्हणजे तरी काय, दाट बारीक झिगझॅगच्या दोन समांतर ओळी आणि दोन टोकांना रुंद टाक्यांची गाठ. चार टप्प्यांत बटण फिरवत करायचं. पण माझ्या मशीनवर डावी ओळ दाट पडते आणि उजवी विरळ. लांबीचं बटण मध्येच केसभर फिरवून जुळवावं लागतं, आणि प्रत्येक कापडाला वेगळं. शर्टाला सात काजं असतात; सातही सारखी आली तर देवापुढे साखर ठेवावी. बटण लावायला मात्र झकास. दाते झाकायची प्लेट बसवायची म्हणजे कापड सरकत नाही, रुंदी बटणाच्या दोन भोकांइतकी करायची, आधी चाक हाताने फिरवून सुई दोन्ही भोकांत नीट उतरते का बघायचं आणि मग आठ-दहा टाके मारायचे. शाळेचे शर्ट यात भराभर निघतात.

पातळ कापडावर झिगझॅग रुसतो. जॉर्जेट किंवा शिफॉनवर रुंद टाका घातला की दोरा दोन्ही बाजूंनी कापड आत ओढतो आणि मधे फुगवटा उभा राहतो. वरच्या दोऱ्याचा ताण ४ वरून ३ वर किंवा त्याच्याही खाली आणायचा, रुंदी कमी करायची आणि खाली पातळ कागद ठेवून कागदासकट शिवायचं. नंतर कागद फाडून काढायचा. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई लागते. मी बेकरीच्या बटरपेपरच्या पट्ट्या करून ठेवल्यात.

पिकोचं सगळ्या विचारतात. "आता साड्यांचं पिको-फॉल घरीच की!" नाही हो. होतं, पण तसं होत नाही. पिकोवाल्याच्या मशीनवर साडीची कड वळत जाते आणि दाट झिगझॅग तिच्यावर बसत जातो, गोल बारीक दोरीसारखा. घरच्या मशीनवर कड आपण बोटांनी दुमडायची, रुंदी अडीच, लांबी अर्धा, आणि सहावारीचा पदर संपेपर्यंत पाठ मोडून घ्यायची. सुती साडीला चालून जातं. रेशमाला आणि सिंथेटिकला चपटी, जरा ताठ कड येते आणि नेसल्यावर ती कळते. फॉल तर तसाही हातशिलाईचाच चांगला. माझ्या साड्या अजून आमच्या पिकोवाल्या मावशींकडेच जातात. केवळ पिकोसाठी कुणी साडेबारा हजार घालणार असेल तर त्या पैशांत मावशी तुमच्या सुनेच्या साड्यासुद्धा करून देतील.

तसंच इंटरलॉकचं. दुकानदार सांगतो की झिगझॅग आहे म्हणजे इंटरलॉक मशीनची गरज नाही. घरापुरतं हे खरं आहे. पण इंटरलॉक कड कापत कापत जातो आणि तीन-चार दोऱ्यांनी ती गुंडाळतो. झिगझॅग एका वरच्या आणि एका खालच्या दोऱ्यात जेवढं जमतं तेवढं करतो, आणि कड कापायची कात्री तुमच्याच हातात. दिवसाला पाच-सहा ड्रेस काढायचे असतील तर हे मशीन तुमच्या कामाचं नाही. तास-दीड तास सलग चालवलं की मोटरजवळचा भाग हाताला गरम लागतो, मी तरी मग चहा करायला उठते.

आणखी एक, जे खोक्यावर लिहिलेलं नसतं. मशीन हलकं आहे, सहा-सात किलोचं, उचलून माळ्यावर ठेवता येतं, ते चांगलंच. पण रुंद झिगझॅग वेगात चालवला की सुईदांडीच्या डाव्या-उजव्या हिसक्यांनी सगळं मशीन टेबलावर थरथरतं आणि इंचाइंचाने सरकत भिंतीकडे जातं. खाली रबरी चटई घातली तेव्हा जाग्यावर आलं. जेवणाच्या घडीच्या टेबलावर तर ठेवूच नका.

सुई तुटण्याचंही बघून घ्या. सरळ शिलाईच्या फुटाला सुईसाठी बारीक भोक असतं, झिगझॅगच्या फुटाला आडवी फट. सरळचं फूट लावलेलं असताना बटण झिगझॅगवर फिरवलं की सुई बाजूला झुकते आणि थेट लोखंडावर आपटते. आमच्या जाऊबाईंनी हे सगळ्यांसमोर करून दाखवलं. तुकडा त्यांच्या चष्म्याच्या काचेवर लागला, म्हणून बरं. टाका बदलताना सुई कापडात रुतलेली असली तरी तोच गोंधळ, सुई वाकते. चाक आपल्याकडे फिरवून सुई वर, मग बटण. पोरींना मी हे पाढ्यासारखं पाठ करायला लावलंय.

सर्व्हिसबद्दल लिहिताना हात आखडता घेते. डेमो दाखवायला घरी मुलगा आला, त्याने कंगोरे काढले, वेल काढली, मी इलॅस्टिकचं विचारलं तर "मॅडम, यूट्यूबवर सगळं आहे" म्हणून बूट घालायला लागला. पुढे काही महिन्यांनी झिगझॅगच्या फक्त डाव्या बाजूचे टाके सुटायला लागले. उजवे एकदम ठीक. सुई बदलून झाली, दोरा बदलून झाला. कंपनीच्या फोनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, माणूस काही आला नाही. शेवटी ज्या मिस्त्रीकाकांनी आईचं काळं मशीन सांभाळलं त्यांनाच बोलावलं. त्यांनी खालचं झाकण उघडून मला वाकून बघायला लावलं: सुई तळाशी जाऊन किंचित वर आली की दोऱ्याचा फासा तयार होतो, आणि शटलचं, म्हणजे खालच्या दोऱ्याजवळ फिरणाऱ्या भागाचं, टोक त्याच क्षणी तो फासा उचलतं. सरळ टिपेत ही भेट एकाच जागी होते. झिगझॅगमध्ये डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन ठिकाणी व्हावी लागते, त्यामुळे वेळ केसभर चुकली तरी एका बाजूचा फासा निसटतो. "सरळला कळत न्हाई, झिगझॅग लगेच चाडी करतो," काका म्हणाले. दोन स्क्रू सैल करून, चाक फिरवत, परत आवळून त्यांनी पंधरा-वीस मिनिटांत ते जुळवलं आणि तीनशे रुपये घेतले. वॉरंटी गेली म्हणा, पण मशीन चालू झालं. तुमच्या गावात असा मिस्त्री आहे का हे मशीन घेण्याआधी शोधा.

लाइट गेली की मशीन बंद, हेही आहेच. आमच्याकडे सोमवारी देखभालीसाठी लाइट जाते. त्या दिवशी सरळ शिवणी काळ्या मशीनवर आणि कडा संध्याकाळी नव्यावर. दुकानदार जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये आठशेला मागत होता. लोखंडाचासुद्धा भाव त्याहून जास्त आला असता.

एकूण, घरापुरतं शिवणारीने घ्यावं, आणि होजिअरी शिवणारीने तर घ्यावंच. ऑर्डरी घेणारीने थोडे पैसे अजून साठवून वेगळं इंटरलॉक घ्यावं. दुकानात जाताना स्वतःच्या चिंध्या न्या, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे टाके पडतात का ते होजिअरीवर बघा, काज दोन सलग काढायला लावा. आणि ११ नंबरच्या बॉलपॉइंट सुयांची दोन पाकिटं व एक जास्तीचं झिगझॅग फूट बिलातच घालून घ्या. पैसे दिल्यावर मागायला गेलं की "मागवावं लागंल, वहिनी" एवढंच ऐकायला मिळतं.